आठ मिनिटं उशीर, दोन तासांचा फटका: कनेक्शन हुकल्यावर काढलेल्या नवीन तिकिटाचे पैसे परत मिळतात का?

निळी_बॅग:

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, कंटाळा आला तर शेवटचे दोन प्रश्न तेवढे वाचा.

गेल्या आठवड्यात आई आणि मी एका लांबच्या प्रवासाला निघालो होतो. पहिली गाडी दीड तासाची, मग एका मोठ्या जंक्शनला उतरून दुसरी गाडी, रिझर्व्हेशनवाली. मधे वेळ नऊ मिनिटं. नऊ मिनिटं कमी आहेत हे मलाही कळतं, पण ती जोडी मी लावलेली नाही, ॲपनेच दाखवली आणि मी सरळ बुक केली. पहिली गाडी अगदी वेळेत चालली होती आणि जंक्शन आल्यावर बाहेरच्या सिग्नलला जी थांबली ती थांबलीच. खिडकीतून प्लॅटफॉर्म दिसतोय, त्यावर उभी असलेली आमची दुसरी गाडी दिसतेय, आई बॅग घेऊन दारात आणि मी दर दहा सेकंदांनी मोबाईल बघतेय. आठ मिनिटं गेली. उतरलो तेव्हा एक मिनिट उरलं होतं, जिना उतरून बोगद्यातून पळत परत जिना चढून वर आलो तर गाडी समोर उभी! मी दाराचं बटण दाबलं, एकदा, दोनदा, आणि त्याच्याभोवतीचा हिरवा दिवा डोळ्यांसमोर विझला. शिटीवाला कर्मचारी तीन डबे पुढे उभा होता, त्याने आमच्याकडे बघितलं, नाही बघितलं असं नाही, आणि मग मान वळवली. गाडी सुटली.

बरं, हे झालं. खरा राग पुढच्याचा आहे. खिडकीपुढे रांग लावून वीस मिनिटांनी नंबर आला. काचेमागचा माणूस स्क्रीनवरून नजर न काढता माइकमध्ये म्हणाला, हे तिकीट त्या गाडीचं होतं, ती गाडी गेली, आता नवीन काढा. मी म्हणलं अहो पहिली गाडी लेट झाली म्हणून चुकली. तर म्हणे ती गाडी आमची नाही, त्यांना विचारा. त्यांची खिडकी कुठे? ती बंद. आई दमलेली, मागे रांग, मी गुपचूप नवीन तिकिटं काढली. आणि दोन तासांनी पुढच्या गाडीत बसलो तर तिथला टीसी जुनं तिकीट बघून म्हणतो, हे चाललं असतं की, नवीन कशाला काढलंत!

देश आणि कंपनी मुद्दाम लिहीत नाहीये, मला कुणाची बदनामी करायची नाही. विचारायचंय एवढंच:
१. नवीन तिकिटाचे पैसे परत मिळू शकतात का?
२. मी खिडकीवर काय वेगळं बोलायला हवं होतं?

---

रुळावरचा_दगड:

ताई, आधी एक सांगा. तिकीट एक होतं का दोन? म्हणजे पेमेंट एकदा केलंत की दोनदा? बाकी सगळं त्यावर लटकलंय. आणि तो हिरवा दिवा विझणे प्रकार माझ्याही नशिबी आलाय, त्यानंतर चार दिवस लिफ्टचं बटण दाबतानासुद्धा छातीत धस्स व्हायचं.

---

निळी_बॅग:

पेमेंट एकदाच. एकच बुकिंग नंबर. पण पीडीएफ दोन आले, दोन वेगळे क्यूआर कोड. त्यामुळे मलाच कळत नाहीये याला एक म्हणायचं का दोन.

---

वेळापत्रक_वेडा:

पेमेंट एकदाच असेल तर तुमची बाजू बरीच बळकट आहे. किती कागद निघाले यापेक्षा करार किती झाले ते बघतात. देश सांगितला नाहीत त्यामुळे मला माहीत असलेलं सगळंच टाकतो, तुमचं काय ते तुम्ही उचला.

युरोपीय संघातल्या कुठल्या देशात हे झालं असेल तर ७ जून २०२३ पासून २०२१/७८२ नंबरचा नियम लागू आहे. एकाच रेल्वे कंपनीकडून एकाच व्यवहारात घेतलेली तिकिटं सलग प्रवासाचं एकच तिकीट धरतात, मग क्यूआर कोड दोन असोत नाहीतर चार. पळवाट एकच, ही वेगवेगळी तिकिटं आहेत असं तिकिटावर लिहिलेलं असेल आणि विकत घेण्याआधी तुम्हाला तसं सांगितलं असेल तर. तुमचं ॲप रेल्वे कंपनीचं नसून मधल्या विक्रेत्याचं असेल आणि त्याने स्वतःच्या मनाने ही जोडी लावून असं काही न सांगता विकली असेल, तर कनेक्शन हुकल्यावर त्याने तिकिटाचे सगळे पैसे परत द्यायचे आणि वर ७५ टक्के भरपाई. त्यामुळेच बहुतेक ॲपवर पेमेंटच्या आधी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं असतं, ते आता जाऊन वाचा. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

सलग तिकिटावर कनेक्शन हुकलं तर निवड तुमची. पैसे परत, किंवा लवकरात लवकर दुसऱ्या गाडीने पुढे, किंवा तुमच्या सोयीने नंतर. पुढे पाठवताना जादा पैसे घ्यायचे नाहीत. आणि १०० मिनिटं ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते: हुकलेल्या गाडीच्या ठरलेल्या वेळेपासून १०० मिनिटांत त्यांनी पुढे कसं जायचं हे सांगितलंच नाही, तर तुम्ही स्वतः दुसरी गाडी किंवा बस पकडू शकता आणि तो वाजवी खर्च त्यांनी द्यायचा असतो. तुम्ही वीस-पंचवीस मिनिटांतच नवीन तिकीट काढलंत म्हणून त्या कलमावर जाऊ नका. तुमचा मुद्दा साधा आहे, जुनं तिकीट चालत असताना तुमच्याच माणसाने मला नवीन काढायला लावलं.

याशिवाय उशिराची भरपाई वेगळी, आणि इथे लोक चुकतात. उशीर मोजायचा शेवटच्या स्टेशनला. जंक्शनला आठ मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण मुक्कामी तुम्ही दोन तास उशिरा पोचलात ना? ६० ते ११९ मिनिटांना २५ टक्के, १२० च्या पुढे ५० टक्के. मिनिटामिनिटाला महत्त्व आहे, नक्की किती वाजता पोचलात ते शोधून काढा. एखाद्या अस्मानी संकटामुळे उशीर झाला असेल तर मात्र ही भरपाई देत नाहीत.

ब्रिटन असेल तर गोष्ट वेगळी. तिथे प्रवासाचे तुकडे करून वेगवेगळी तिकिटं काढली तरी तो एकच प्रवास धरतात, आणि पहिली गाडी लेट झाल्याने दुसरी हुकली तर पुढची पकडता येते. फक्त दोन गाड्यांमधे त्या स्टेशनला ठरवून दिलेली किमान वेळ ठेवलेली पाहिजे. भरपाईचा अर्ज २८ दिवसांत.

भारतात १ एप्रिल २०१९ पासून दोन पीएनआर लिंक करायची सोय आहे. पहिली गाडी लेट झाल्याने दुसरी हुकली तर न केलेल्या प्रवासाचे पैसे कॅन्सलेशन चार्ज न कापता मिळतात, मात्र दोन्ही तिकिटांवर प्रवाशांची माहिती तीच हवी आणि पहिली गाडी जंक्शनला प्रत्यक्ष पोचल्यापासून तीन तासांच्या आत हालचाल करायला हवी. पैसे मिळतात म्हणलं, पुढच्या गाडीत बर्थ मिळतो असं नाही म्हणलं! विमान हुकलं तर हा नियम कामाचा नाही, पण तसं एक प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. २०१६ साली जम्मूला जाणारी गाडी चार तास लेट झाली, एका कुटुंबाचं श्रीनगरचं विमान चुकलं आणि त्यांना टॅक्सीने जावं लागलं. २०२१ मधे कोर्टाने निकाल दिला की उशिराचं योग्य कारण रेल्वेने सिद्ध केलं नाही तर भरपाई द्यावीच लागेल.

---

चिडका_बिब्बा:

नियम सगळे छान आहेत हो. पण आठ मिनिटं लेट झालेली गाडी त्यांच्या वहीत लेट तरी असते का? जर्मनीत सहा मिनिटांच्या आत आली की वेळेवर. स्वित्झर्लंडमधे तीन मिनिटांच्या आत. म्हणजे पाच मिनिटांचं कनेक्शन देणार, गाडी साडेपाच मिनिटं उशिरा आणणार, तुमचं पुढचं सगळं बोंबलणार आणि रिपोर्टात लिहिणार गाडी वेळेवर. हे कुणाला बोलायचं? स्विस लोक निदान किती प्रवाशांना पुढची गाडी मिळाली हेही वेगळं मोजतात.

आणि तो शिटीवाला. त्याने बघितलं होतं म्हणताय ना तुम्ही? दहा सेकंद. दहा सेकंदांनी काय आकाश कोसळणार होतं?

---

हिरवा_बावटा:

दहा सेकंदांचं मी सांगतो. मी बारा वर्षं स्टेशनवर काढली आहेत, त्यातली पाच प्लॅटफॉर्मवर आणि बाकीची काचेमागे, आता सोडलं ते काम. तुमच्या दोघांच्याही शिव्या मी खाल्लेल्या आहेत.

दार बंद व्हायचा सिग्नल दिला की ते बटण मेलं. ते परत जिवंत करायचं म्हणजे सगळी दारं उघडायची, आणि उघडली की जिन्यावरून अजून चार माणसं येताना दिसतात, त्यांच्यामागे अजून सहा. कितीदा उघडणार? पुढे त्या गाडीला मोकळा मिळालेला रस्ता मोजून मापून असतो, मिनिटभर घालवलं तर मागच्या फास्टला आधी सोडतात आणि ही पुढच्या स्टेशनला बाजूला उभी, मग तिच्यातल्या लोकांची कनेक्शनं जातात. त्याने मान वळवली कारण तुमच्याकडे बघत राहणं जास्त अवघड असतं. हे खरं सांगतोय, मी वळवलेली आहे.

गाडी थांबवायचा निर्णय प्लॅटफॉर्मवर होतच नाही. तो कंट्रोलमधे होतो, आणि तिथे विचारतात तीनच गोष्टी: किती माणसं आहेत, त्यांना पुढची गाडी किती वेळाने आहे, आणि थांबवली तर किती जण अडकतील. दोन माणसं आणि दोन तासांनी गाडी असेल तर नाही थांबवत. वीस माणसं आणि ती रात्रीची शेवटची असेल तर बहुतेक वेळा थांबवतात. पण त्यांना कळायला तर पाहिजे ना की वीस माणसं आहेत! म्हणून गाडी सिग्नलला अडकल्या अडकल्या, दारात उभं राहून घड्याळ बघण्यापेक्षा, त्याच गाडीतल्या गार्डला किंवा टीसीला गाठायचं आणि सांगायचं, आम्ही इतके जण, अमुक गाडी पकडायचीय. तो फोन करतो. दरवेळी जमतं असं नाही, पण प्लॅटफॉर्मवर पळत आल्यावर तर कधीच जमत नाही. निदान तो तिकिटावर शेरा मारून देतो, ते अर्धं काम झालं.

आता खिडकी. तुमच्याशी तो माणूस चुकीचं वागला, त्यात मी त्याची बाजू घेणार नाही. पण आतून कसं दिसतं ते सांगतो. तुम्ही म्हणालात गाडी चुकली. काचेमागे दिवसातून साठ वेळा हे वाक्य ऐकू येतं, त्यातले निम्मे लोक घरून उशिरा निघालेले असतात. गाडी चुकली म्हणलं की हात आपोआप नवीन तिकिटाच्या बटणाकडे जातो. त्याऐवजी पहिलं वाक्य हे पाहिजे: "अमुक नंबरची गाडी आठ मिनिटं लेट आली, या एकाच बुकिंगवरचं माझं कनेक्शन तुटलं, तिकिटावर शिक्का मारून द्या आणि पुढची गाडी सांगा." यात गाडी नंबर आहे, मिनिटं आहेत, आणि काय हवंय ते आहे. स्क्रीनवर नंबर टाकला की उशीर त्याला दिसतोच, नाही म्हणायला जागा उरत नाही. पैसे परत मागू नका खिडकीवर, बऱ्याच ठिकाणी त्याच्या हातात ते नसतंच, मग नाही म्हणायची सवय पहिल्या वाक्याला लागते आणि पुढचं सगळं नाहीच. शिक्का मात्र त्याच्या ड्रॉवरमधे असतो.

आणि ती गाडी आमची नाही हे उत्तर मिळालं तर शांतपणे विचारायचं, मग हे लेखी द्या, किंवा तुमच्या वरच्यांना बोलवा. लेखी म्हणलं की आवाज बदलतो. स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय, माझाही बदलायचा.

---

वेळापत्रक_वेडा:

शिक्क्यावरून आठवलं. वर सांगितलेल्या युरोपच्या नियमात हेही आहे की प्रवाशाने मागितलं तर गाडी लेट झाल्याचं किंवा कनेक्शन हुकल्याचं प्रमाणपत्र द्यावंच लागतं. जपानमधे तर उशिराचा दाखला ही अगदी रोजची गोष्ट आहे, पाच-दहा मिनिटांच्या उशिरालाही चिठ्ठी मिळते, लोक ती ऑफिसात नाहीतर शाळेत दाखवतात.

अजून एक, दोन देशांत जाणाऱ्यांसाठी आणि ज्यांची तिकिटं खरोखर वेगवेगळी आहेत त्यांच्यासाठी. युरोपातल्या बऱ्याच रेल्वे कंपन्यांमधे प्रवास पुढे चालू ठेवण्याबद्दलचा एक करार आहे, एजेसी म्हणतात त्याला. आंतरराष्ट्रीय प्रवासात एका कंपनीची गाडी लेट झाल्याने दुसऱ्या कंपनीची चुकली तर तिकिटं वेगळी असली तरी पुढच्या गाडीत बसू देतात, पण उशिराचा शेरा गाडीत किंवा स्टेशनवर लगेच घ्यावा लागतो आणि कनेक्शनला पुरेसा वेळ ठेवलेला असला पाहिजे. गंमत म्हणजे काचेमागच्या बऱ्याच लोकांना हे माहीतच नसतं. बावटाभाऊ, तुम्हाला माहीत होतं?

---

हिरवा_बावटा:

नोकरीची पहिली चार वर्षं नव्हतं. मग एका आजोबांनी छापील कागद काढून दाखवला. नीट घडी घालून खिशात ठेवला होता, म्हणजे मी काही त्यांचा पहिला नव्हतो!

---

चिडका_बिब्बा:

म्हणजे नियम प्रवाशाने पाठ करायचे, वाक्य प्रवाशाने घोकायचं, कागद प्रवाशाने खिशात ठेवायचा. आणि पगार कुणाला? जाऊ दे.

पण एक चांगला अनुभव माझ्याकडेही आहे, तो सांगितला नाही तर पाप लागेल. एकदा रात्री शेवटची गाडी हुकली, स्टेशनवर आम्ही सात जण आणि एक बाई ड्युटीवर, शटर अर्धं खाली. तिने कुणाला काही समजावलं नाही, सॉरी पण म्हणाली नाही. एका कागदावर सातही जणांची नावं आणि कुणाला कुठे जायचं ते लिहून घेतलं, फोन उचलला आणि वीस मिनिटांत दोन टॅक्सी बाहेर उभ्या. मग कागद फाडून दोन तुकडे केले, दोन ड्रायव्हरांना दिले आणि शटर पूर्ण खाली ओढलं. एकूण दहा वाक्यं बोलली असेल. मला ती गोड बोलणाऱ्यांपेक्षा शंभर पटीने बरी वाटली. नंतर मी तक्रारीच्या फॉर्मवरच तिचं कौतुक लिहून पाठवलं, कारण कौतुकाचा फॉर्म कुठे सापडलाच नाही.

---

रुळावरचा_दगड:

नऊ मिनिटांचं कनेक्शन घ्यावं का यावर कुणी बोललंच नाही. मी बघतो ते एवढंच की हुकली तर पुढची कधी. स्वित्झर्लंडमधे मोठ्या जंक्शनला गाड्या तासाच्या आणि अर्ध्या तासाच्या जरा आधी येतात आणि जरा नंतर सुटतात, सगळं त्याच हिशोबाने बांधलंय, त्यामुळे पाच-सहा मिनिटांचं कनेक्शन तिथे बिनधास्त घेतो, हुकलं तर अर्धा तास, फार तर एक. पण पुढची गाडी दोन तासांनी असेल, त्यात रिझर्व्हेशन असेल, त्यात आईची बॅग असेल तर मी एक गाडी आधीची पकडून जंक्शनला बसून राहतो. बायको चिडते. चिडू दे.

---

निळी_बॅग:

सगळ्यांचे खूप आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

आज सकाळी बसून सगळं खणून काढलं. ॲप रेल्वे कंपनीचंच निघालं, मधला विक्रेता नाही. पेमेंटच्या आधीच्या पानावर वेगवेगळी तिकिटं असल्याचं काही लिहिलेलं नाही, तिकिटावरही नाही, दोन्हीचे स्क्रीनशॉट काढले. त्यांच्या साइटवर अर्ज भरला: जुनं तिकीट, नवीन तिकीट, पहिल्या गाडीचा नंबर आणि आठ मिनिटं. मुक्कामी किती वाजता पोचलो ते आठवेना, शेवटी आईने उतरल्या उतरल्या भावाला पोचलो म्हणून मेसेज केला होता त्यावरून वेळ काढली. ठरलेल्या वेळेपेक्षा १२३ मिनिटं उशीर! तीन मिनिटांनी पन्नास टक्क्यांत बसलो, अर्थात त्यांच्या रेकॉर्डात किती निघतायत ते बघायचं. शिक्का नाही, पण त्या टीसीने जुन्या तिकिटाच्या मागे पेनाने काहीतरी खरडून सही केली होती, तेव्हा मला वाटलं उगीच, त्याचाही फोटो जोडलाय.

बावटाभाऊ, तुमचं ते वाक्य आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली लिहून दे, पर्समधे ठेवते, पुढच्या वेळी खिडकीवर मी बोलेन, तू लगेच माघार घेतेस.

उत्तर आलं की इथेच कळवते.

---

हिरवा_बावटा:

आईंना सांगा, गाडी नंबर आधी आणि आवाज नॉर्मल. आणि टीसीने मागे काय खरडलंय ते नीट वाचा, त्यात गाडी नंबर आणि वेळ असेल तर तो कागद टाकू नका, क्लेम पूर्ण होईपर्यंत मूळ प्रत जपून ठेवा.